पालथं ताट

शनिवार, १३ सप्टेंबर २००८

कुकर लावलाय. शिट्ट्या होईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं. एवढाच वेळ माझा.

मिलिंद काल ऑकलंडहून आला. आठवडाभर तिथलं ऑफिस, शनिवार-रविवार इथे वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलच्या घरी. इरानं शाळेत 'माय फॅमिली' काढलं, त्यात घर, मी, आजी आणि वर कोपऱ्यात एक विमान. विमानात डॅडी. मि.ला ते चित्र फार गोड वाटलं. मला नाही वाटलं.

सासूबाईंनी चहाबरोबर विषय काढलाच. ऑक्टोबरात परत जाताना इराला पुण्याला नेतात म्हणे. एक वर्ष. "पोरीला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीत. माझ्याकडे राहू दे वर्षभर. नीट जेवेल, चार श्लोक पाठ होतील. तूही जरा मोकळी होशील गं." मि. म्हणाला, "सीट होल्डवर ठेवलीय. तू हो म्हण फक्त."

मी "बघू" म्हटलं. या घरात माझं 'बघू' म्हणजे होच धरतात.

खोटं कशाला लिहू, मोह झाला. सा.बा. यायच्या आधीचे दिवस आठवले. गाडी चुकली की आफ्टर-स्कूलवाल्यांचा फोन, दक्षिणेचा तो सदर्ली वारा सुटला की छत्रीचा सांगाडा, आणि रोज सकाळी इराचा एक बूट गायब. सहा वर्षांची झाली तरी स्वतःचे बूट सापडत नाहीत. वर्षभर दुसऱ्या कुणीतरी शोधावेत ते बूट, असं वाटलं तर काय बिघडलं?

पण तिच्या तोंडात एकच मराठी शब्द टिकलाय. 'आई.' हाक तेवढी मराठीत. वर्षभर मी नसले तर तो शब्द ती कुणाला

शिट्टी झाली.


मंगळवार, १६ सप्टें.

पितृपक्ष लागला. सा.बां.चा सकाळी पहिला प्रश्न, "इथे कावळे कुठे येतात गं?"

इथे कावळेच नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच हाकलले. ऑकलंडची माझी मैत्रीण वैशाली सीगलना घालते म्हटलं. "सीगल? तो मासेखाऊ?" इथले सीगल मासे नाही, चिप्स खाऊन माजलेत, पण ते बोलले नाही. मागच्या अंगणात कोवाईचं झाड पिवळंधमक फुललंय, त्यावर तुई पक्षी येतो. काळा आहे, गळ्याशी पांढरा गोंडा. सा.बां.नी त्याला खिडकीतून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रंग बरा आहे."

सासऱ्यांची तिथी शनिवारी आहे. म्हणजे मि. घरी असेल. सोय झाली.

आज ट्रेनमधून उतरून वर चालत येताना रस्त्याच्या बाजूचं ते जुनं लोखंडी कुंपण पहिल्यांदाच नीट पाहिलं. आमचं घर नवं, पण जमीन जुन्या बालगृहाची. त्यातलं आता हे कुंपण, फाटक आणि दगडी खांबावरची पितळी पाटी एवढंच शिल्लक. पाटीवर लिहिलंय की मिस हॅरिएट फेन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या काळात इथे आई नसलेल्या लेकरांना घर दिलं. घर घेताना मि. म्हणाला होता, "पुण्यभूमी आहे." एजंटही तेच म्हणाला, त्याच्या भाषेत.


शनिवार, २० सप्टें.

श्राद्ध झालं. आधी तेच लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सकाळपासून मी आणि सा.बा. ओट्याशी. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. अळू कुठून आणणार, सिल्व्हरबीटची पातळभाजी केली. सा.बां.नी चव घेऊन "चालेल" म्हटलं, हे मोठंच सर्टिफिकेट. दुपारी मागच्या दगडी कठड्यावर स्टीलच्या ताटात पान मांडलं. आम्ही सगळे दारात उभे. इरा मध्ये, आजीचा पदर धरून.

कुणी येईना. तुई आला, फांदीवरून पाहिलं, उडून गेला. सीगल तर ढुंकूनही बघेनात. सा.बां.चे डोळे भरून आले. "ह्यांना राग आलाय. इतक्या लांब कशाला आणलंत म्हणून." मि. घड्याळ बघतोय. मला खरंच वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

मग त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तुम्ही आला असाल तर या. नाहीतर इथे ज्यांचं कुणी नाही, ज्यांना वाढणारं कुणी उरलं नाही, त्यांनी या. पोटभर जेवा." आमच्याकडे बेवारसांसाठी एक घास काढतात, त्यातलं आहे हे. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या तसं. फक्त इथल्या जमिनीत कोण आहे याचा विचार त्यांनी केला नाही. मीही केला नाही.

वारा पडला. वेलिंग्टनात वारा पडला की लोक आभाळाकडे बघतात.

आम्ही आत पानं घ्यायला वळलो. पुन्हा बाहेर आले तर ताट रिकामं. नुसतं रिकामं नाही. धुतलेलं. कठड्यावर पालथं घातलेलं, पाणी निथळतंय. बाहेरचा नळ थेंब थेंब गळत होता.

मि. म्हणाला मांजर. "मांजर ताट धुतं का रे?" "मग तूच धुतलं असशील, विसरलीस." मी! सा.बा. मात्र आनंदानं रडत होत्या. "जेवले. तृप्त झाले. फक्त ताट असं पालथं नाही घालत आपल्याकडे." त्यांनी ते उचलून सरळ केलं.

इरा म्हणाली, "दे आर स्टिल हंग्री, आजी."


रविवार, २१ सप्टें.

मि.ला एअरपोर्टला सोडून आले. जाताना गाडीत पुन्हा तिकिटाचं. मी पुन्हा बघू.

जेवताना इरानं आज ताटातलं सगळं संपवलं. वरण-भात, जो घशाखाली उतरवायला एरवी मला गोष्टी सांगाव्या लागतात. भाजीसुद्धा. मग खुर्चीवरून उतरून स्वतः ताट धुतलं, पुसलं आणि टेबलावर पालथं घातलं. हात मागे बांधून उभी राहिली.

"हे कुणी शिकवलं?"

"एव्हरीवन डझ इट."

शाळेत शिकवलं असेल. सा.बा. म्हणाल्या, "बघ, माझ्या हातचं जेवते." खरं आहे. त्या तिच्या शेजारी बसतात, कितीही वेळ. रागावत नाहीत, घाई करत नाहीत. शेवटचा घास जाईपर्यंत नुसत्या बसतात. मला तेवढा धीर कधीच नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला, आणि कुठेतरी भीतीही. कशाची ते नाही सांगता येत.


बुधवार, २४ सप्टें.

सा.बा. रोज कठड्यावर पान ठेवतायत. आता ताट नाही, लहान लहान वाट्या. इरा सांगते तेवढ्या. संध्याकाळी सगळ्या धुऊन पालथ्या. एक सोडून. ती वाटी रिकामी असते, पण सरळ. धुतलेलीही नसते.

आज शेजारच्या जोनकडे गेले, आजच्या पानाचे उरलेले वडे द्यायला. जोन पंच्याऐंशीची, जन्मापासून याच रस्त्यावर. तिला वडे आवडतात, डोनट म्हणते. आमच्या जमिनीबद्दल विचारलं तर म्हणाली, "माझी आई तिथेच वाढली ना."

तिनं सांगितलं तसं लिहिते. मिस फेन मोठी बाई होती. त्या काळी बंदरावर पेपर विकणारी, हॉटेलांच्या तळघरात बाटल्या धुणारी, चामड्याच्या कारखान्यात जुंपलेली पोरं होती. ही त्यांच्यामागे तळघरात उतरली. वडिलांचं घर विकून इथे जागा घेतली. पोरांना कामाला लावू नये म्हणून मंत्र्यांशी भांडली. दूध, पाव, स्वच्छ बिछाना, शाळा. तिच्याकडे कधीच कुणी उपाशी झोपलं नाही. कुणावर हात उगारला नाही. "माझी आई तिच्यामुळे जगली," जोन म्हणाली. "हे आधी लक्षात ठेव, मग पुढचं ऐक."

पुढचं असं. पाटीवर 'आई नसलेली' लिहिलंय. निम्म्यांना आया होत्या. कपडे धुणाऱ्या, गरीब, काही दारू पिणाऱ्या, काही नाही. रविवारी त्या कुंपणाबाहेर येऊन उभ्या राहायच्या. फाटक उघडायचं नाही. पोरं बिथरतात. हाक आली तरी मागे वळायचं नाही, असं पोरांना शिकवलं होतं. मायेनंच शिकवलं होतं.

आणि ताट. जेवण झालं की ताट धुऊन पालथं घालायचं, म्हणजे पोट भरलं, आभारी आहे. नवीन आलेली पोरं आईसाठी रडायची, ताट पालथं घालायची नाहीत. मिस फेन त्यांच्या शेजारी बसायची. रागावायची नाही. स्वतः जेवायची नाही. नुसती बसायची. कधी दुपार जायची. मग एक दिवस पोर आपणहून ताट पालथं घालायचं, आणि त्यानंतर कुंपणाकडे बघायचं नाही. मग त्याला नवं नाव मिळायचं.

"एक होती नेल," जोन म्हणाली, "आई सांगायची, तिनं शेवटपर्यंत ताट पालथं घातलं नाही. तापात गेली बिचारी. लहानच होती." तिची आई म्हातारपणीही ताटं रॅकवर उभी ठेवायची. पालथं ताट तिला बघवायचं नाही.

हे ऐकून मी उठले तर जोन सहज म्हणाली, "काल दुपारी कुंपणाशी किती वेळ उभी होतीस. पावसात. आत का नाही गेलीस?"

काल दुपारी मी ऑफिसात होते. टेस्टिंगच्या मीटिंगमध्ये, बंद खोलीत.

"डोक्यावरून शाल घेतलेली," जोन म्हणाली. "मला वाटलं तुमच्याकडची काही पद्धत असेल."


शुक्रवार, २६ सप्टें.

टर्म संपली. शाळेतून आणायला मी गेले, मुद्दाम लवकर सुटून. एरवी इरा पळत येऊन पोटावर आदळते. आज रांगेतून चालत आली. हात बाजूला. मी वाकून मिठी मारली तर मारू दिली.

घरी सा.बां.नी दूध दिलं. दूध! जे गेली दोन वर्षं ती सिंकमध्ये ओतते. दोन्ही हातांनी धरून प्यायली आणि म्हणाली, "थँक यू, मिस."

सा.बा. खूश. "किती शिस्त आली बघ आठवड्याभरात. पुण्याला तर सोनं होईल पोरीचं."

मी विचारलं, "इरा, आजीला मिस म्हणतेस?"

ती म्हणाली, "नॉट आजी." आणि आजीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं. मी त्या खुर्चीवर बसले. मुद्दाम. खुर्ची थंड होती, पण ते काय, सगळं घरच थंड आहे, कुठल्या वेड्यानं या देशात हीटिंगशिवाय घरं बांधली.

दिवसभरात तिनं मला एकदाही 'आई' म्हटलं नाही. हाकच मारली नाही. काही हवं असलं की येऊन उभी राहते.


रविवार, २८ सप्टें.

घड्याळं पुढे केली. संध्याकाळचा उजेड आता उगाच रेंगाळतो.

मि.शी भांडण. मी सांगितलं, इरा कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, "तूच थकलेय म्हणत होतीस ना? आईनं मदत करायची तर तिलाच नावं ठेवायची." मी म्हटलं, मी कुणाला नावं ठेवत नाही, पण आपली पोर आपल्यापासून चालली आहे आणि तुला दिसत नाही. "चालली आहे म्हणजे? इथे तर बसलीय." ती बसली होती. सोफ्यावर, गुडघे जुळवून, आम्ही भांडत असताना एकदाही मान वर न करता. एरवी आमचा आवाज चढला की ती रडते.

जोननं सांगितलेलं त्याला सांगितलं. हसला. मग म्हणाला, "तुझी झोप होत नाहीये." म्हणजे मी वेडी. बरं.

सा.बां.ना आतून ऐकू गेलं असणार. जेवताना म्हणाल्या, "माझा काही हट्ट नाही हो. मी पोरीच्या भल्याचंच बघते." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं. भल्याचंच. तिथेच तर सगळी गोची आहे.


सोमवार, २९ सप्टें. सर्वपित्री

रजा टाकली. मि. सकाळच्या फ्लाइटनं गेला.

सा.बां.ना म्हटलं, आज सगळ्यांना निरोप द्या. नीट द्या. त्यांनी पुन्हा सगळा स्वयंपाक केला, कठड्यावर वाट्या मांडल्या. मी इराचा हात धरून उभी. वाट्या पालथ्या कशा होतात ते आज बघायचंच म्हणून नजर हटवली नाही. आत फोन वाजला, सा.बां.नी "घे गं, मिलिंद असेल" म्हटलं, मी क्षणभर मान वळवली. झालं. वाट्या निथळत होत्या. एक सरळ.

सा.बां.नी हात जोडले. "तृप्त झालात. आता आपापल्या घरी जा."

इरानं माझ्या हातातून हात सोडवून घेतला. आत गेली. मला वाटलं बाथरूमला. बाहेर आली तर पायांत बूट. दोन्ही, स्वतः शोधलेले, लेस बांधलेली. तिला लेस बांधता येत नाही.

"कुठे?"

"होम," ती म्हणाली आणि घराला वळसा घालून पुढच्या बाजूला चालू लागली.

मी धावले. फाटकाच्या आत उभी होती, रस्त्याकडे तोंड करून, हात सरळ. मागून हाक मारली. इरा. इरा. चिमणे. काही नाही. खांद्यावर हात ठेवला, तर न वळता हळूच म्हणाली, जणू मला वाचवतेय, "वी आर नॉट टु टर्न राउंड."

सा.बा. मागे येऊन उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. "काय झालं गं तिला?" त्यांना काही माहीत नाही.

मग मला सुचलं ते केलं. फाटकाला हात न लावता गॅरेजच्या बाजूनं रस्त्यावर गेले आणि कुंपणाच्या बाहेर, त्या आया उभ्या राहायच्या तिथे, उभी राहिले. गज थंडगार. थंडी म्हणून ओढणी डोक्यावरून घेतली, हे मला नंतर लक्षात आलं. तिथून हाक मारली. "ये गं. ये. मी आलेय."

तिनं डोळे वर केले. सगळा चेहरा हलला. धावत आली, गजांतून दोन्ही हात बाहेर काढून माझी ओढणी घट्ट धरली आणि रडत रडत म्हणाली, "यू वेअर एव्हर सो लाँग, मॅम."

मीही रडले. फाटक ढकलून आत आले, तिला उचलून घेतलं. फाटक लावलं, कडी घातली.

आता लिहिताना कळतंय. 'खूप'ला इरा इथल्या पोरांसारखं 'हीप्स' म्हणते. 'एव्हर सो' तिनं कधीच म्हटलेलं नाही. आणि 'मॅम', म्हणजे जुन्या गरीब घरांतली आईची हाक, ती तर तिनं मला जन्मात मारलेली नाही.


गुरुवार, २ ऑक्टो.

तिकीट रद्द केलं. मि. "ठीक आहे" म्हणाला, फोनवर, म्हणजे ठीक नाही. सा.बा. एकट्या जाणार, दिवाळीच्या आधी. बॅग भरायला घेतलीय, माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं मन मी दुखावलं हे खरं. परत जाईपर्यंत कधीतरी जवळ बसेन त्यांच्या.

इरा आता मला चिकटूनच असते. ऑफिसला निघाले की पायाला मिठी. कालच्यापेक्षा आज घट्ट. मी जिंकले असं वाटायला हवं. सगळं संपवते, पण ताट पालथं घालत नाही. समोर सरळ ठेवते, दोन्ही हात ताटाच्या कडेवर, आणि माझ्याकडे बघते. नजर हटवत नाही.

"मॅम?"

पहिल्यांदा मी म्हटलं, आई म्हण. तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला, नवं फळ चाखावं तसा. जमला नाही. तिचे डोळे भरले. मग मी पुन्हा नाही म्हटलं. हाक मारली की ओ देते. कुणाचंही असो, हाक मारणाऱ्या पोराला ओ द्यायची नाही, हे मला जमणार नाही.

कठड्यावरच्या वाट्या आता कुणी मांडत नाही. नळही गळत नाही. बाकीचे गेले असावेत, आपापल्या

दाराशी जोन आलीय.


मंगळवार, ७ ऑक्टो.

संध्याकाळ आहे, लख्ख उजेड आहे. सा.बा. आत पोथी वाचतायत.

गुरुवारी जोननं जे सांगितलं ते मी लिहिलं नव्हतं. लिहिलं नाही तर खरं होणार नाही असं वाटलं. ती म्हणाली, "तुझी ती शालवाली मैत्रीण आता रोज येते. कुंपणाशी. आत घे ना तिला, पावसात उभी असते."

मला ती दिसत नाही. शुक्रवारी पाहिलं, शनिवारी मि.ला घेऊन पाहिलं, रस्ता मोकळा. मि.नं इराला मांडीवर घेतलं, ती बसली. त्यानं मला बाजूला नेऊन विचारलं, "हिनं मला आज काय म्हटलं माहितेय? सर." त्याचा चेहरा उतरला होता. या वेळी हसला नाही.

आज ऑफिसातून आले तर इरा स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टुलावर उभी. रस्त्याकडे बघत होती. माझ्या येण्याकडे नाही. मी तर तिच्या मागे उभी होते.

"कोण आहे बाहेर?"

"माय मॅम."

मग विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "मग मी कोण, सोन्या?"

तिनं वळून माझ्याकडे नीट पाहिलं. अगदी मनापासून, उपकाराच्या नजरेनं पाहिलं. माझा गाल कुरवाळला.

"यू आर द काइंड लेडी," ती म्हणाली. "यू गिव्ह अस अवर टी."

टी म्हणजे इथलं संध्याकाळचं जेवण. पण अस. आम्हाला. म्हणजे दोघी आहेत. म्हणजे माझी अजून आत कुठेतरी आहे. मी या शब्दाला धरून बसलेय.

त्या दिवशी आईच्या जागेवर उभं राहून मी हाक मारली आणि जी इतकी वर्षं वाट बघत होती ती धावत आली. तिचं काय चुकलं? तिला मी आत आणलं, पोटभर वाढलं, अंगावर पांघरूण घातलं आणि फाटकाला कडी घातली. बाहेर तिची आई उभी आहे. हे सगळं मीच केलंय, आणि मायेनंच केलंय.

फाटक उघडायला हवं. दुसरा मार्ग नाही. तिची आई तिकडून हाक मारेल, मी इकडून मारेन. नेल जाईल आणि इरा राहील. असंच होईल. पण इरानं मला 'आई' म्हणून हाक मारून आज किती दिवस झाले, आणि माझ्या हाकेला ती वळली नव्हती, हेही मला आठवतंय. दोघी मिळून गेल्या तर

बूट घालून ती माझ्याशेजारी उभी आहे. दोन्ही बूट. ताट टेबलावर आहे, धुतलेलं, सरळ. डाव्या हातात तिचा हात धरलाय, उजव्यानं लिहितेय. हात ऊबदार आहे. अंगठ्याजवळ शाळेत पेन्सिल टोचल्याचा निळा ठिपका आहे, तो इराचाच आहे.

ती घाई करत नाही. शहाण्यासारखी उभी आहे. तिला सांगितलंय की लिहून झालं की जाऊ.

आज कुकर लावलेला नाही, त्यामुळे शिट्टी व्हायची नाही. अजून थोडं लिहिते.